प्रभूच्या मेजापर्यंत

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर नि द्राक्षरस घेण्याचा विधी. संदेश संपतो, गीत सुरू होतं, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत मागच्या बाकांवरची काही माणसं हळूच उठून बाहेर पडतात. घाई असते म्हणून नव्हे. "आमची अजून तयारी नाही," असं त्यांचं म्हणणं असतं. त्यांत बाया जास्त. उपासना न चुकवणाऱ्या, दशांश देणाऱ्या, शेजारीपाजारी कुणी आजारी पडलं तर रात्री-अपरात्री धावणाऱ्या बाया. मी त्यांच्यातलीच. कोल्हापुरात जन्मले, ख्रिस्ती घरात वाढले, नर्सिंग शिकले, आयुष्यभर वॉर्डात ड्युट्या केल्या, आणि पन्नाशी ओलांडली तरी त्या भाकरीच्या तुकड्याला हात लावला नव्हता. गेल्या नाताळानंतर दृढीकरणाच्या, म्हणजे स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करून मेजावर येण्याच्या तयारीच्या, वर्गात नाव घातलं. "वर्गात एवढं शिकवतात तरी काय?" असं बाहेर थांबणाऱ्या बाया मला अजून विचारतात. त्यांना जिन्यावर उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून लिहिते आहे.

माझ्या वयाच्या मुलींचं दृढीकरण दहावीच्या आसपास झालं. मी तेव्हा मागे राहिले, त्याला कारण आमची आजी. आजी मिशनच्या शाळेत शिकलेली, शास्त्र तोंडपाठ. ती सांगायची, मेजाजवळ जायचं तर माणूस आतून धुतलेला पाहिजे, नाहीतर तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. हे तिच्या मनचं नव्हतं. प्रेषित पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तसं आहेच, की जो अयोग्य प्रकारे ही भाकर खातो तो प्रभूच्या शरीरासंबंधी दोषी ठरतो. सोळा वर्षांच्या मुलीनं ते ऐकलं आणि ठरवलं की आधी योग्य व्हायचं, मग जायचं.

योग्य होण्यासाठी मी वही घातली. खरीखुरी वही. रोज रात्री झोपण्याआधी चार रकाने भरायचे: जीभ, राग, पैसा, प्रार्थना. कुणाला लागेल असं बोलले का? वॉर्डबॉयवर ओरडले का? डॉक्टर जाग्यावर नसताना नातेवाइकांना "राउंडला गेलेत" म्हणून सांगितलं, ते जिभेच्या रकान्यात. बाळंतिणीच्या घरच्यांनी खुशीनं हातात ठेवलेले पैसे परत केले, ते पैशाच्या रकान्यात, पण उलट्या बाजूनं. नोकरीला लागल्यापासून ही वही चालू होती आणि तिनं माझं भलंच केलं, हे मी आजही म्हणेन. औषधाच्या वेळा मी कधी चुकवल्या नाहीत, कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. पण वही कधी पूर्ण कोरी गेली नाही. एक रकाना सुधारला की दुसरा बिघडायचा. आणि एखादा आठवडा चांगला गेलाच, तर रविवारी बाकावर बसल्या बसल्या शेजारणीकडं बघून मनात जे यायचं, ते कुठल्या रकान्यात लिहावं ते कळायचं नाही.

आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, सांगलीकडचे. ते गृहभेटीला आले होते. चहा झाला, प्रार्थना झाली आणि निघताना म्हणाले, "ताई, पहिल्या प्रभुभोजनाला कोण कोण बसलं होतं, ते एकदा परत वाचा." मी रात्री लूकचा बाविसावा अध्याय काढला. एकानं, यहूदानं, प्रभूला धरून देण्याचे पैसे आधीच ठरवून ठेवले होते. दुसरा, पेत्र, कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारणार होता, आणि प्रभूनं ते त्याच मेजावर त्याला तोंडावर सांगितलं. उरलेले आपल्यात मोठा कोण यावरून भांडत होते, तेही जेवण चालू असताना. हा भाग मी कितीदा वाचला असेन, पण ही माणसं मेजावर बसलेली आहेत हे त्या रात्री पहिल्यांदा ध्यानात आलं. पुढच्या रविवारी नाव दिलं.

नाव दिलं की पहिलं काम म्हणजे बाप्तिस्म्याचा दाखला. आमच्याकडं तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होतो, आणि कळतं झाल्यावर त्या मुलानं स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल केला की त्याला मेजावर घेतात. दाखला घरी सापडेना. तेव्हा चर्चच्या ऑफिसात गेले. तिथल्या काकांनी लोखंडी कपाटातून कापडी पाठीची लांबोडकी नोंदवही काढली, पानं सुटी झालेली. बोट फिरवत फिरवत माझी ओळ सापडली. बालकाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, पाळकाची सही. एवढेच रकाने.

मी ती ओळ बराच वेळ बघत राहिले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' म्हणून एक रकाना असतो आणि तिथं मास्तर 'चांगली' लिहितात. इथं तो रकानाच नव्हता. असणार कसा? दोन महिन्यांचं पोर, त्याची कसली वर्तणूक! ते पाण्यानं दचकून रडलं असेल, तेवढंच. पण मंडळी उभी राहिली, आईबापांनी वचन दिलं, पाळकानं पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं पाणी घातलं, आणि देवानं या मुलीला आपलं म्हटल्याची नोंद शाईनं झाली. माझी वही सुरू होण्याच्या कितीतरी आधी. बाप्तिस्मा मोठेपणी घ्यावा की लहानपणी, यावर ख्रिस्ती मंडळ्यांत मतभेद आहेत आणि दोन्हीकडं जाणती माणसं आहेत. त्या वादात मी पडत नाही. मला त्या दिवशी कपाटापाशी जे दिसलं, ते सांगितलं.

वर्ग शनिवारी संध्याकाळी, चर्चशेजारच्या खोलीत. बाकीची सगळी अकरावी-बारावीची पोरं, मोबाईल पालथे घालून बसलेली. मोठ्या वयाचे दोघंच. एक मी आणि एक रिक्षावाले भाऊ. ते हिंदू घरातले, बायको ख्रिस्ती, बाप्तिस्मा अलीकडेच घेतलेला. दारूपायी एकदा रिक्षा गेली, एकदा घर जाता जाता राहिलं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पोरं एकदम गप्प झाली.

पाळकसाहेब हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीच्या आधारानं शिकवायचे. जर्मनीत १५६३ साली तयार झालेली ती १२९ प्रश्नांची. तिचे भाग तीन: माणसाची दैना, त्याची सुटका, आणि सुटलेल्याची कृतज्ञता. त्यांनी पोरांना विचारलं, "दहा आज्ञा यांतल्या कुठल्या भागात असतील?" सगळ्यांनी पहिला भाग सांगितला. मीही तेच सांगितलं असतं. आज्ञा वाचायची, आपण कुठं कमी पडलो ते बघायचं, रडायचं, हेच तर मी करत आले होते. पहिल्या भागातही देवाच्या नियमशास्त्रावरून आपली दैना कळते असं आहे, पण एकेक आज्ञा घेऊन तिचा अर्थ सांगितला आहे तो तिसऱ्या भागात. कृतज्ञतेच्या भागात. मग त्यांनी निर्गमाचा विसावा अध्याय उघडायला लावला. पहिली आज्ञा येण्याआधी एक वाक्य आहे: मी परमेश्वर तुझा देव, ज्यानं तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं. "इस्राएल लोकांनी आधी समुद्र ओलांडला, मग आज्ञांचा सीनाय पर्वत आला," पाळकसाहेब म्हणाले. "आज्ञा पाळल्या म्हणून सुटले नाहीत. सुटले, म्हणून आज्ञा मिळाल्या."

हे ऐकायला बरं वाटलं, पण मला पटलं नाही, आणि मी वर्गातच तसं बोलले. 'नुसता विश्वास ठेवा, बाकी देव बघेल' असं सांगणाऱ्या सभा मी पुष्कळ बघितल्या आहेत. हात वर करायचे, डोळ्यांतून पाणी काढायचं, आणि सोमवारी पुन्हा सासू-सुनेचं तेच, उधारी बुडवण्याचं तेच. माणसानं झटायचंच नाही तर ते देवाच्या नावावर आळस खपवणं झालं. पाळकसाहेबांनी मला अडवलं नाही. उलट ते म्हणाले, हेच म्हणणारा एक माणूस सोळाशे वर्षांपूर्वी होऊन गेला, आणि त्यांनी पेलागियसची गोष्ट सांगितली.

पेलागियस ब्रिटनहून रोमला आलेला तपस्वी माणूस. रोममधले ख्रिस्ती लोक नावापुरते ख्रिस्ती, हे बघून त्याचा जीव जळायचा. त्यात बिशप ऑगस्टिनची एक प्रार्थना त्याच्या कानावर पडली: प्रभू, तू जी आज्ञा देतोस ती पाळण्याचं बळ तूच दे, आणि मग हवी ती आज्ञा कर. पेलागियस चिडला. असं म्हटलं तर कोण धडपडेल? देवानं आज्ञा दिली याचाच अर्थ माणसाला ती पाळता येते, असं त्याचं म्हणणं. ऑगस्टिनचं उत्तर होतं की माणसाची इच्छाच आजारी आहे. हवं ते करता येत नाही एवढंच नाही, तर जे हवं असायला पाहिजे तेच त्याला नको असतं. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेनं पेलागियसची शिकवण नाकारली. वर्गातली पोरं जांभया देत होती. मी मात्र रात्रभर त्या माणसाचा विचार करत होते. मला तो वाईट वाटलाच नाही. तो आमच्या वॉर्डातल्या शिस्तीच्या मेट्रनसारखा वाटला, आणि त्याची बाजू हरली याचं मला खरंच दुःख झालं.

माझं उत्तर मला वर्गात मिळालं नाही, रिक्षात मिळालं. एका शनिवारी पावसाळा नसताना पाऊस आभाळ फाटल्यासारखा पडला. भाऊंनी मला घरापर्यंत सोडलं. वाटेत मी त्यांना वहीबद्दल सांगितलं. दारू सोडताना त्यांनी असं काही केलं का, ते मला ऐकायचं होतं. ते म्हणाले, "सिस्टर, तुमचं वहीत मावतंय. माझं मावलं नसतं." मग अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकांचं सांगू लागले. तिथं पहिली पायरी अशी, की दारूपुढं आपलं काही चालत नाही हे कबूल करायचं. आपलं आयुष्य आपल्या हातात राहिलेलं नाही, हे म्हणायचं. "मी धा वर्षं शपथा घेतल्या. आईच्या गळ्याशपथ, पोरीच्या गळ्याशपथ. जवर शपथ घेत हुतो तवर पीत हुतो. 'माझ्याच्यानं हुईना' म्हणालो, तिथनं सुरवात झाली." आणि पुढं? "पुढं कष्टच की. रोज बैठक. ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात जाऊन माफी. फोन आला की रात्री दोनला दुसऱ्या पिणाऱ्याच्या घरी. पयल्यापेक्षा जास्त राबतोय आता."

बारा पायऱ्यांनी चालणारी ती चळवळ १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून सुरू झाली, तिच्यात कुठल्याच एका धर्माचं नाव नाही. पण मला जे पाळकसाहेबांच्या तोंडून पटत नव्हतं, ते या माणसाच्या तोंडून पटलं. हात टेकल्यावर कष्ट संपत नाहीत. ते तिथं सुरू होतात. आणि ते कष्ट मेज मिळवण्यासाठी नसतात, मेजावरून उठलेल्या माणसाचे असतात. पौलानं फिलिप्पैकरांस लिहिलेलं वाक्य घरी येऊन काढलं: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण तुमच्या ठायी इच्छा करणं आणि कृती करणं हे साधून देणारा देव आहे. दोन्ही एकाच श्वासात. मी आजवर पहिला अर्धा भागच वाचत आले होते.

आजीच्या त्या अकराव्या अध्यायापाशी आम्ही ईस्टरआधीच्या उपासकाळात पोचलो. मी वाटच बघत होते. पाळकसाहेबांनी आधी मागची वचनं वाचली. करिंथात प्रभुभोजन म्हणजे खरंच जेवण असायचं. खाऊनपिऊन सुखी असलेले आधी येऊन बसायचे, आपापलं खायचे, आणि राबून उशिरा येणाऱ्या गरिबांना काही उरायचं नाही. एक भुकेला राहतो तर एक मस्त होतो, म्हणजे झिंगतो, असे पौलाचे शब्द आहेत. ज्यांच्याजवळ नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असं तो विचारतो. पौल चिडला आहे तो या गोष्टीवर. लायकी कमी असलेला माणूस मेजावर आला म्हणून नव्हे, तर आलेल्याला कमी लेखलं म्हणून. अध्यायाच्या शेवटी उपाय काय सांगितला आहे? जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. बस. आणि स्वतःची परीक्षा करा म्हणतो, पण त्याच वचनात पुढं 'आणि मग खा' म्हणतो. परीक्षा करा आणि बाहेर जाऊन उभे राहा, असं कुठंच नाही.

पुढं काही शतकांनी मंडळ्यांनीच या मेजाला कुंपण घातलं हेही खरं. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या मंडळ्यांत वडील लोक, म्हणजे मंडळीचे पुढारी, घरोघर जाऊन विश्वासाची नि वागणुकीची चौकशी करायचे आणि पास झालेल्याला शिशाचा छोटा बिल्ला द्यायचे. बिल्ला दाखवला तर मेजावर जागा. आमच्या कोल्हापुरात १८५२ साली मिशनरी रॉयल वाइल्डर आले आणि १८७० साली इथलं मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडं गेलं, म्हणजे आमची परंपरा त्याच घराण्यातली. शिस्त हवी या मताची मीही आहे. पण आजीच्या मनातला तो धाक कुठून कुठून वाहत आला असेल, याचा अंदाज मला त्या दिवशी आला.

एका पोरीनं विचारलं, "पण सर, मेजावर कुणाबरोबर बसलं यानं काय एवढं होतं?" पाळकसाहेबांनी तिला गंगाराम कांबळेंची गोष्ट सांगायला लावली. कोल्हापूरच्या पोराला ती सांगावी लागत नाही. शाहू महाराजांच्या पागेत काम करणारे गंगाराम, वरच्या जातीच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना चाबकानं फोडलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलं, गंगारामांना चहाचं हॉटेल घालायला मदत केली, आणि गाव तिथं चहा प्यायला धजेना तेव्हा स्वतः जाऊन त्यांच्या हातचा चहा घेतला, बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजला. त्या चहासाठी गंगारामांनी आधी काही सिद्ध करून दाखवलं नव्हतं. छत्रपतींनी येऊन बसायचं ठरवलं आणि त्या बाकड्याची प्रतिष्ठा बदलली. पोरगी म्हणाली, "मग जे नाही बसले, त्यांचं काय?" पाळकसाहेब म्हणाले, "पौलाचं पत्र त्यांनाच आहे."

त्या आठवड्यात मला रात्रपाळी होती. अपघाताची केस आली. दारू पिऊन गाडी चालवणारा एक, आणि त्यानं उडवलेला एक. दोघंही एकाच वेळी. आम्ही काय करतो? ज्याचं रक्त जास्त जातंय त्याच्याकडं आधी. तो पिणारा होता. त्याच्या हाताला शीर सापडेना, मी वाकून शोधत होते आणि मागून दुसऱ्याचे नातेवाईक ओरडत होते की सिस्टर, असल्याला कशाला वाचवताय. या प्रश्नाला आमच्या धंद्यात उत्तर नसतं, कारण तो प्रश्नच आम्ही विचारत नाही. केसपेपरवर दुखणं लिहितात, लायकी लिहीत नाहीत. निरोग्यांना वैद्याची गरज नसते, दुखणाइतांना असते, हे प्रभूचं वाक्य मी नर्सिंगच्या शपथविधीला मोठ्यानं वाचलं होतं. कृपेनं कसं वागायचं ते माझ्या हातांना नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. मात्र आपणही त्या खाटेवर आहोत हे मानायला मन राजी होत नव्हतं. सिस्टर नेहमी उभी असते, पेशंट आडवा. आणि बरं झालेल्यालाही पथ्य सांभाळावं लागतं, शुगरच्या पेशंटनं पाय रोज बघावा लागतो, ते काय आम्ही बिल फेडून घ्यायला सांगत नाही.

वर्गाच्या शेवटी प्रत्येकानं आपली साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची कहाणी, लिहून वडील मंडळींपुढं वाचायची असते. मी पहिल्यांदा लिहिली ती मलाच नोकरीच्या अर्जासारखी वाटली. काय काय केलं त्याची यादी. अशा वेळी पंडिता रमाबाईंची आठवण झाली. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पुढं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की ख्रिस्ती धर्म आपल्याला तेव्हा सापडला होता, पण ख्रिस्त सापडायला त्यानंतर आठ वर्षं लागली. आणि ही बाई कोण? संस्कृत पंडित, विधवांसाठी शारदा सदन काढणारी, तिच्याइतके कष्ट तेव्हाच्या महाराष्ट्रात किती जणांनी केले असतील! कष्टांत कुठं कमी नव्हती. ज्याच्यावर टेकायचं तो मिळाला नव्हता. आणि मिळाल्यावर ती स्वस्थ बसली का? केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातल्या शेकडो मुली, मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी शास्त्राचं भाषांतर, हे सगळं त्यानंतरचं. मी पहिला कागद बाजूला ठेवला आणि फक्त जे जे मला मिळालं ते लिहिलं. नोंदवहीतली ती ओळ. आजीनं पाठ करून घेतलेलं शास्त्र. माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा, मी घाबरून रडत असताना, रात्रभर माझ्याबरोबर उभी राहिलेली कॅथलिक सिस्टर.

तिचा विषय निघाला म्हणून सांगते. लहानपणापासून आम्ही ऐकलेलं की कॅथलिक लोक कर्मांवर जातात आणि आपण विश्वासावर. मी तिला फोन करून विचारलं. तिनं मला सांगितलं की १९९९ साली, ऑक्टोबरच्या ३१ तारखेला, जर्मनीत आउग्सबुर्ग इथं कॅथलिक आणि लुथरन मंडळ्यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या कुठल्याही पुण्याईमुळं नव्हे तर केवळ कृपेनं, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासानं, देव आपल्याला स्वीकारतो आणि आपल्याला सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो, असं दोघांनी मिळून कबूल केलं. २०१७ मध्ये आम्हा प्रेस्बिटेरियनांसारख्या रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघानंही त्यात सूर मिळवला. सगळे मतभेद मिटले असं नाही. पण ज्या प्रश्नावरून पश्चिमेतली मंडळी दुभंगली त्या प्रश्नावर एवढं एकमत झालेलं असताना आमच्या रविवार शाळेत अजून जुनंच सांगतात, याचं मला वाईट वाटतं.

मग रंगपंचमी आली. कोल्हापूरची रंगपंचमी काय असते ते सांगायला नको. शनिवारी भाऊ वर्गाला आले नाहीत. पुढच्या शनिवारी आले ते दारातच उभे. पाळकसाहेबांना म्हणाले, "माझं नाव काडा. प्यालो." त्यांच्या बायकोनं आधीच सांगितलं होतं. वडील मंडळींत दोन तट पडले. निवृत्त शिक्षक असलेले आमचे आप्पा म्हणाले, सहा महिने थांबू द्या, तेवढा वेळ कोरडा राहिला तर घेऊ. मेज म्हणजे धर्मशाळा नव्हे. दुसरे म्हणाले, त्यानं स्वतः येऊन सांगितलं, आणखी काय हवं?

आप्पांचं बोलणं कठोर होतं, पण वाईट नव्हतं. ज्या घरात पिणारा असतो त्या घरच्या बाईनं फक्त क्षमेचं ऐकलं तर तिचं काय होतं, ते मी वॉर्डात बघितलं आहे. पाळकसाहेबांनी हायडेलबर्गचा ८१वा प्रश्न वाचून दाखवला. मेजाजवळ कुणी यावं? जे आपल्या पापांमुळं स्वतःवर नाराज आहेत, तरी ख्रिस्तामुळं त्यांची क्षमा झाली आहे असा भरवसा ठेवतात, आणि ज्यांना आपला विश्वास वाढावा, आपलं जगणं सुधारावं अशी इच्छा आहे. आणि कुणी येऊ नये? ढोंगी, आणि ज्यांना फिरायचंच नाही ते. मंडळींनी ठरवलं की भाऊंनी यावं. रोजची बैठक सोडायची नाही आणि बायकोशी वडील बाईंनी दर आठवड्याला बोलायचं, हेही ठरलं. ते मेज मिळण्याची अट म्हणून नव्हे, मंडळीचं काम म्हणून. आप्पांनी विरोध नोंदवला आणि मग सगळ्यांबरोबर भाऊंच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ही गोष्ट मी आप्पांबद्दल मुद्दाम लिहिते आहे.

माझी मुलाखत थोडक्यात झाली. आप्पांनीच विचारलं, "एवढी वर्षं का थांबलात?" मी म्हणाले, तयार होत होते. "आता झालात?" नाही म्हणाले. ते हसले नाहीत, मान हलवली आणि सही केली.

ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी आम्ही उभं राहून विश्वास कबूल केला. पवित्र गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजन. मी काहीतरी मोठं वाटेल म्हणून बसले होते, तसं काही झालं नाही. ताटलीत भाकरीचे चौकोनी तुकडे, लाकडी ट्रेमध्ये छोट्या काचेच्या पेल्यांत द्राक्षरस. ट्रे डावीकडून आला, माझ्या शेजारी भाऊ होते, त्यांचा हात थरथरत होता म्हणून मी ट्रे धरला. मग त्यांनी माझ्यासाठी धरला. तुझ्यासाठी दिलेलं माझं शरीर, असं पाळकसाहेब म्हणत होते. 'तुझ्यासाठी' म्हणताना ते एकेकाकडं बघत होते.

वही चालू आहे. पाळकसाहेबांना वाटलं होतं मी ती बंद करीन, मला तसं करावंसं वाटलं नाही. ज्याच्या नावानं लुथरन मंडळ्या ओळखल्या जातात तो मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापकबुली करायचा आणि त्याचा गुरू स्टाउपिट्झ थकून जायचा, हे मला त्यांनी सांगितलं होतं. पण ल्यूथरनं पुढंही कबुली टाकून दिली नाही. मी रकान्यांच्या आधी एक पान घातलं आहे, त्या दिवशी काय मिळालं ते लिहायला. ते लिहून झाल्यावर बाकीचे चार रकाने भरते. राग अजून येतो. वॉर्डबॉयवर ओरडले की आता त्याच दिवशी त्याला जाऊन सांगते. पूर्वी रात्री वहीला सांगायची, त्याला कधीच कळायचं नाही. एवढा फरक नक्की पडला आहे.

आप्पांना माझं पटत नाही. असं शिकवलं तर पोरं बिघडतील, असं ते उपासनेनंतर गेटापाशी मला दर रविवारी ऐकवतात. मी त्यांना रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय दाखवते: कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावं काय? कदापि नाही. ते याकोबाचा दुसरा अध्याय काढतात, कृतींवाचून विश्वास निर्जीव आहे. मी इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय, ८वं आणि ९वं वचन वाचते, की तारण कृपेनं आहे, कृतींनी नव्हे, ते म्हणतात १०वं वाचा, आणि १०व्यात खरंच सत्कृत्यांचं आहे. पुढचा वर्ग जूनमध्ये शाळा उघडल्यावर सुरू होतोय आणि यंदा पाळकसाहेबांनी आम्हा दोघांनाही शिकवायला बसवलं आहे. बाहेर थांबणाऱ्यांपैकी तिघींनी नावं दिली आहेत. शनिवारी, संध्याकाळी सहाला, चर्चशेजारच्या खोलीत. बाप्तिस्म्याचा दाखला नसेल तर ऑफिसात काका सकाळी असतात.